नकाशे, कुजबुज आणि प्रक्षेपणाचा पैसा : खानदेशातील महाविद्यालयीन क्रिकेटच्या संदर्भात

प्रस्तावना :

मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील चाळीसगाव हे जळगाव जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाचे गाव. येथून धुळ्याकडे लोहमार्गाचा फाटा जातो, पश्चिमेस मालेगाव-नाशिकचा मुलूख लागतो आणि दक्षिणेचा घाट चढला की कन्नड तालुका सुरू होतो. १९५६ पर्यंत हा घाट म्हणजे दोन राज्यांमधील सीमा होती. अलीकडे मुंबई राज्य, पलीकडे हैदराबाद. पूर्वेस जळगाव जिल्हा ओलांडून मलकापूर गाठले की वऱ्हाड लागतो. प्रशासनाच्या, शिक्षणाच्या आणि भाषेच्या सीमांचा असा गुंता असलेल्या प्रदेशात खेळाच्या सीमा कोणी व कशाच्या आधारे आखल्या, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. क्रीडा-इतिहास म्हटला की विक्रम, विजय आणि खेळाडूंची चरित्रे एवढ्यावर समाधान मानण्याची आपल्याकडे प्रथा आहे.

हा प्रश्न विचारण्यास निमित्त आहे ते अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात गेल्या दीड दशकात झालेल्या उलथापालथीचे. तेथे शेजारशेजारच्या विद्यापीठांनी एकत्र येऊन बनविलेले स्पर्धागट, ज्यांना तेथे 'कॉन्फरन्स' म्हणतात, दूरचित्रवाणीच्या पैशासाठी मोडले गेले आणि नव्याने बांधले गेले. कोणते विद्यापीठ कोणत्या गटात जाणार याविषयीच्या वदंतांवर तेथील वृत्तपत्रांची पाने भरली. भारतातही खेळाच्या प्रक्षेपणात अमाप पैसा आला आणि संघटनांच्या सीमा बदलण्याचा घाट घातला गेला. मात्र त्यात महाविद्यालय कोठेच नव्हते. ते का नव्हते, आणि पूर्वी जेव्हा होते तेव्हा त्याचे स्थान काय होते, याचा शोध खानदेशाच्या संदर्भात प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

पंचेचाळीस वर्षांत तीन विद्यापीठे :

खानदेशातील उच्च शिक्षणाचा प्रारंभ तसा उशिराचा. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय ही दोन्ही १९४५ मधील. त्या वेळी ती स्वाभाविकपणेच मुंबई विद्यापीठाला संलग्न होती. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठाचे कामकाज सुरू झाले आणि पूर्व व पश्चिम खानदेश हे दोन्ही जिल्हे त्याच्या बारा जिल्ह्यांच्या कार्यक्षेत्रात आले. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर पुण्याकडे पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे आणि जळगाव असे पाच जिल्हे राहिले. पुढे १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि जळगाव व धुळे हे जिल्हे पुण्यापासून वेगळे झाले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा निघाला तरी विद्यापीठाची सीमा बदलली नाही. म्हणजे अमळनेर वा जळगावच्या महाविद्यालयाने जागचे न हलता पंचेचाळीस वर्षांत तीन विद्यापीठे पाहिली.

या बदलांची चर्चा नेहमी परीक्षा, अभ्यासक्रम आणि पदवी प्रमाणपत्रे यांच्या अंगाने होते. मैदानाच्या अंगाने पाहिले तर निराळे चित्र दिसते. पुणे विद्यापीठाच्या काळात चाळीसगावच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या संघात स्थान मिळवायचे तर त्याची स्पर्धा पुणे शहरातील जुन्या महाविद्यालयांच्या खेळाडूंशी होती. मुंबईला थेट गाडी असलेल्या या गावातून पुण्याला जायचे तर मनमाडला गाडी बदलून दौंडमार्गे जावे लागे. ज्या गावाचा व्यापार, नोकरी आणि वर्तमानपत्र मुंबईकडे तोंड करून होते, त्याचे महाविद्यालयीन क्रिकेट मात्र पुण्याकडे वळविले गेले होते. १९९० नंतर दोन जिल्ह्यांचा मिळून एक स्वतंत्र विद्यापीठ संघ झाला. अकरा-पंधरा जागा एकदम खानदेशाच्या वाट्याला आल्या. विद्यापीठाच्या स्थापनेमागे क्रीडा हा हेतू कोणाच्याही मनात नसावा. तरी ग्रामीण खेळाडूच्या दृष्टीने ही तिची एक मोठी देणगी म्हणावी लागेल. अखिल भारतीय पातळीवर हा संघ भारतीय विश्वविद्यालय महासंघाच्या पश्चिम विभागात खेळतो. या विभागात महाराष्ट्रातील इतर विद्यापीठांबरोबर गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश येथील विद्यापीठेही असतात. खानदेशाच्या तिन्ही दिशांचे शेजारी असे मैदानावर प्रथमच समोरासमोर आले.

येथे एक गोष्ट नमूद करावयास हवी. ही सर्व पुनर्रचना कायद्याने झाली. तिच्यामागे शैक्षणिक मागणी होती, राजकीय प्रयत्न होते, अंतराची गैरसोय होती. परंतु खेळातून मिळणारा पैसा नव्हता, कारण महाविद्यालयीन खेळातून पैसा मिळतो ही कल्पनाच येथे नव्हती. महाविद्यालयाचा जिमखाना चालतो तो विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या क्रीडाशुल्कावर. त्यातूनच चेंडू, जाळी, प्रवासखर्च आणि खेळाडूंचा भत्ता भागवायचा असतो. शारीरिक शिक्षण संचालकाचे निम्मे कौशल्य मैदानावर आणि निम्मे लेखा विभागात खर्ची पडते, हे कोणत्याही प्राध्यापकास सांगण्याची आवश्यकता नाही.

संघटनांचा नकाशा :

विद्यापीठांचा नकाशा तीनदा बदलला, परंतु क्रिकेट संघटनांचा नकाशा जवळपास तसाच राहिला. रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली तेव्हा मुंबई आणि महाराष्ट्र असे दोन स्वतंत्र संघ तीत होते. महाराष्ट्राचे केंद्र पुणे. १९५७-५८ पासून विदर्भाचा संघ वेगळा खेळू लागला, आणि तोही मध्य विभागात. १ मे १९६० रोजी मराठी भाषकांचे एक राज्य झाले; क्रिकेटमध्ये मात्र तीन महाराष्ट्र राहिले. गुजरातेतही गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र असे तीन संघ टिकले. इंग्रजी अंमलातील प्रांत आणि संस्थाने यांच्या सीमा राज्यघटनेने पुसल्या, त्या क्रिकेटच्या धावफलकावर जिवंत राहिल्या. खानदेश महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या म्हणजे पुण्याच्या कक्षेत आला. मलकापूरला वऱ्हाड सुरू होतो तेथे विदर्भाची हद्द लागते. या दोन गावांमध्ये लोहमार्गाने फारसे अंतर नसले तरी भुसावळचा मुलगा रणजी सामना खेळेल तो महाराष्ट्राकडून आणि मलकापूरचा खेळेल तो विदर्भाकडून.

या सीमा टिकल्या यामागे केवळ परंपरेचा अभिमान नव्हता. सामन्यांच्या तिकिटांचे उत्पन्न आणि प्रेक्षागारातील आसने यांवरील हक्क हा संघटनांच्या अस्तित्वाचा आधार होता. १९३७ मध्ये मुंबईतील पंचरंगी सामने ब्रेबर्न स्टेडियमवर नेण्यात आले तेव्हा आसनांच्या वाटपावरून हिंदू संघाने स्पर्धेतून अंग काढून घेतले होते. पुढे जातीय संघांच्या या स्पर्धेवर तात्त्विक टीका झाली, महात्मा गांधींनीही तिच्याविषयी नापसंती व्यक्त केली आणि १९४६ नंतर ती बंद पडली. परंतु पहिला तंटा तत्त्वाचा नव्हता, खुर्च्यांचा होता. मुंबई क्रिकेट संघटना आणि क्रिकेट क्लब ऑफ इंडिया यांच्यातील तशाच वादातून वानखेडे स्टेडियम उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. दूरचित्रवाणी घराघरांत पोहोचण्यापूर्वीही क्रिकेटचा नकाशा पैशाशी असा बांधलेला होता. फरक इतकाच की तो पैसा दाराशी मोजला जात होता.

जिना म्हणून महाविद्यालय :

संघटना आणि विद्यापीठे यांचे हे दोन नकाशे ज्या ठिकाणी एकमेकांस भेटत, ते ठिकाण म्हणजे आंतरविद्यापीठ क्रिकेट. रोहिंटन बारिया करंडकासाठीची स्पर्धा १९३५-३६ मध्ये, म्हणजे रणजी स्पर्धेच्या पाठोपाठ सुरू झाली. अकाली निधन पावलेल्या मुलाच्या स्मरणार्थ वडिलांनी दिलेला हा करंडक. आंतरविद्यापीठ क्रिकेट मुंबई विद्यापीठाने दीर्घकाळ गाजविले आणि अजित वाडेकर, सुनील गावसकर यांच्यासारखे खेळाडू तेथूनच वर आले. दौऱ्यावर आलेल्या परदेशी संघांविरुद्ध भारतीय विद्यापीठांचा संयुक्त संघ प्रथम दर्जाचा सामना खेळत असे. विद्यापीठाच्या संघातून थेट कसोटी खेळाडूंसमोर उभे राहण्याची ती संधी होती. महाराष्ट्राच्या संघाला १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक मिळवून देणारे कर्णधार दि. ब. देवधर हे पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा प्राध्यापक राज्याचे नेतृत्व करतो, ही गोष्ट त्या काळात कोणास विचित्र वाटली नाही.

नियामक मंडळातही विद्यापीठांना पूर्ण सदस्यत्व आणि मताचा अधिकार होता. रेल्वे आणि सेनादले यांच्याप्रमाणेच विद्यापीठे ही भूप्रदेश नसलेली, परंतु खेळाडू घडविणारी संस्था मानली गेली होती. मात्र या तिघांमध्ये एक महत्त्वाचा भेद होता. रेल्वे आणि सेनादले खेळाडूला नोकरी देत आणि रणजी स्पर्धेत त्यांचे स्वतःचे संघ असत. विद्यापीठ खेळाडू घडवी आणि राज्य संघटनेच्या हाती सोपवी. भुसावळसारख्या रेल्वेच्या मोठ्या केंद्राशेजारी राहणाऱ्या खानदेशी तरुणाला हा भेद पुस्तकातून शिकावा लागला नाही. विद्यापीठाचे रंग अंगावर चढवायचे ते रेल्वेच्या क्रीडा कोट्यात जागा मिळावी म्हणून, हा हिशेब येथे जुना आहे.

हा जिना मोडला कोणी, असे विचारले तर लगेच दूरचित्रवाणीकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. नियामक मंडळाने वयोगटांच्या स्पर्धांची स्वतःची उतरंड बांधण्यास आधीच सुरुवात केली होती. मूळ शालेय स्वरूपाची कूचबिहार करंडक स्पर्धा ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एकोणीस वर्षांखालील गटाची झाली; सोळा वर्षांखालील आणि तेवीस वर्षांखालील गटांच्या स्पर्धा तिच्या जोडीला आल्या. पंधराव्या-सोळाव्या वर्षी जिल्हा संघटनेच्या नजरेत न भरलेला मुलगा महाविद्यालयात येईपर्यंत त्याच्या वयाचा चमू ठरून गेलेला असतो. दूरचित्रवाणीच्या पैशाने ही उतरंड भक्कम केली. तिचा पाया मात्र अगोदरचा आहे.

दोन निकाल :

अमेरिका आणि भारत यांच्या वाटा कोठे फुटल्या हे समजून घेण्यासाठी दोन न्यायालयीन निकाल शेजारीशेजारी ठेवावे लागतात. क्रीडा-इतिहासाच्या आपल्याकडील लेखनात ते सहसा एकत्र वाचले जात नाहीत.

पहिला निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा, जून १९८४ मधील. तेथील महाविद्यालयीन क्रीडेचे नियमन करणारी राष्ट्रीय संघटना फुटबॉलच्या सामन्यांचे प्रक्षेपण आपल्या हाती ठेवत असे आणि एका विद्यापीठाचे सामने किती वेळा दाखवावेत याची मर्यादा घालीत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया येथील विद्यापीठांनी या योजनेस आव्हान दिले. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ती योजना मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरविली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः विद्यार्थिदशेत नामांकित फुटबॉलपटू होते. महाविद्यालयीन खेळाचे शैक्षणिक स्वरूप टिकवायचे तर अशी नियंत्रणे आवश्यक आहेत, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. पुढील चाळीस वर्षांचा इतिहास पाहता त्यांची भीती अनाठायी नव्हती. तथापि निकालाचा परिणाम स्पष्ट होता. सामना विद्यापीठाचा, म्हणून त्याचे प्रक्षेपण विकण्याचा हक्कही विद्यापीठाचा. विद्यापीठांनी तो आपापल्या गटामार्फत विकण्यास आरंभ केला.

दुसरा निकाल भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा, फेब्रुवारी १९९५ मधील. १९९३ मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेने आपल्या हीरक महोत्सवानिमित्त हीरो करंडक स्पर्धा भरविली आणि तिच्या प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीस दिले. दूरदर्शन आणि माहिती व नभोवाणी मंत्रालय यांनी त्यास हरकत घेतली. तोवर भारतात प्रक्षेपण म्हणजे शासनाचा एकाधिकार, आणि त्यामागे आधार होता तो १८८५ च्या तारायंत्र कायद्याचा. न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती असून त्यांवर शासनाची मक्तेदारी असू शकत नाही, असे ठरविले. भारतीय दूरचित्रवाणीच्या इतिहासातील हा एक निर्णायक क्षण होय. त्याच्या जोरावर क्रिकेटचे प्रक्षेपण खुल्या बाजारात आले. २००६ मध्ये नियामक मंडळाने चार वर्षांचे हक्क ६१ कोटी २० लाख डॉलरला विकले. २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली. तिचे २०१८ ते २०२२ या पाच वर्षांचे हक्क १६,३४७.५० कोटी रुपयांना आणि २०२३ ते २०२७ चे ४८,३९० कोटी रुपयांना गेले.

दोन्ही निकालांनी मक्तेदारी मोडली. पण अमेरिकेत मक्तेदारी मोडल्यावर माल ज्यांच्या हाती आला ती विद्यापीठे होती. भारतात ती क्रिकेट संघटना होती. सार्वजनिक संपत्ती ठरलेल्या लहरींवरून जो पैसा आला त्यात सार्वजनिक विद्यापीठांचा वाटा असावा, असा प्रश्न त्या वेळी कोणी उपस्थित केला नाही. तो उपस्थित होण्याजोगी परिस्थितीही नव्हती, कारण आंतरविद्यापीठ सामन्यांना ना तिकीट होते ना प्रेक्षक. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला उपलब्ध करून देणे बंधनकारक केले; त्यामुळे चाळीसगाव तालुक्यातील खेड्यातही सामना फुकट दिसू लागला. प्रेक्षक म्हणून खानदेश या व्यवहारात सामील झाला तो असा.

कुजबुजीचे राजकारण :

पैसा आणि सीमा यांची गाठ पडली की वदंतांना ऊत येतो. २०१० मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठ काही सोबत्यांसह पश्चिम किनाऱ्यावरील गटात जाणार अशी बातमी काही दिवस जोरात होती. प्रत्यक्षात टेक्सास जागेवरच राहिले. नेब्रास्का आणि कोलोरॅडो मात्र त्या गटातून बाहेर पडले. दुसऱ्याच वर्षी टेक्सासच्या नावाने स्वतंत्र दूरचित्रवाहिनी सुरू झाली. जाण्याची कुजबुज ही राहण्याची किंमत वाढविण्याचे साधन ठरू शकते, हे त्या वर्षी उघड झाले. याउलट ३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसमधील दोन विद्यापीठांनी मध्य-पश्चिमेतील 'बिग टेन' गटात जाण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा त्याची चाहूल जवळपास कोणासही लागली नव्हती. १९१५ पासूनचा वारसा सांगणारा पश्चिम किनाऱ्यावरील गट त्यानंतर दोन वर्षांत उधळला आणि २०२४ च्या हंगामात त्यात दोनच विद्यापीठे उरली. कॅलिफोर्नियातील विद्यार्थी आता 'आपल्या गटातील' सामन्यासाठी न्यू जर्सीपर्यंत सुमारे चार हजार किलोमीटर प्रवास करतात.

आपल्याकडील पुनर्रचनेची सुरुवात पैशाच्या लोभातून नव्हे, तर त्यातून उद्भवलेल्या गैरव्यवहारांच्या चौकशीतून झाली. २०१३ मधील प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये न्यायमूर्ती लोढा यांची समिती नेमली. जानेवारी २०१६ च्या अहवालात 'एक राज्य, एक मत' हे तत्त्व मांडले गेले आणि १८ जुलै २०१६ रोजी न्यायालयाने ते स्वीकारले. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ यांपैकी एकीलाच मत राहील. रेल्वे, सेनादले आणि विद्यापीठे यांना सहयोगी सदस्य करून त्यांचा मताधिकार काढून घ्यावा, अशीही शिफारस होती. मार्च २०१७ मध्ये प्रशासक समितीने पुढे आणलेल्या घटनेनुसार महाराष्ट्रातील तिन्ही संघटनांनी मत आळीपाळीने वापरावे, असे ठरले. मुंबईसारख्या संघटनेचे मत गेले ही बातमी गाजली. विद्यापीठांचे मत गेले याची चर्चा मात्र प्राध्यापकवर्गातही झाली नाही.

लोढा समितीच्या तत्त्वात न्यायाचा अंश निश्चित होता. ईशान्येकडील बहुतेक राज्ये, बिहार, उत्तराखंड यांना कित्येक वर्षे रणजी स्पर्धेत प्रवेश नव्हता. २०१८-१९ मध्ये नऊ नवे संघ आले आणि एकूण संख्या ३७ झाली. पण राज्याची सीमा हाच एकमेव निकष मानल्यास शंभर वर्षांची वाटचाल पुसली जाते, हेही खरे. विदर्भाचे उदाहरण येथे बोलके आहे. दीर्घकाळ तळाच्या संघांत गणल्या गेलेल्या या संघटनेने आपल्या वाट्याच्या पैशातून नागपूरजवळ जामठा येथे स्टेडियम उभारले, निवासी अकादमी चालविली आणि २०१७-१८ व २०१८-१९ असे सलग दोन वेळा, पुन्हा २०२४-२५ मध्ये रणजी करंडक जिंकला. स्वतंत्र नकाशा आणि स्वतंत्र पैसा हाती असला तर मागास समजला जाणारा प्रदेश काय करू शकतो, याचे हे प्रमाण. 'एक राज्य, एक मत' त्या काळी लागू असते तर हा पैसा नागपूरला पोहोचला असता काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

९ ऑगस्ट २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निर्णयात बदल केला. केवळ भूप्रदेशाच्या आधारे सदस्यत्व नाकारणे इतिहासाकडे दुर्लक्ष करणारे ठरेल, अशी भूमिका घेऊन महाराष्ट्र व गुजरात येथील तिन्ही-तिन्ही संघटनांना पूर्ण सदस्यत्व परत मिळाले. रेल्वे, सेनादले आणि भारतीय विश्वविद्यालय महासंघ यांचेही सदस्यत्व पूर्ववत झाले. त्याच महिन्यात जळगावच्या विद्यापीठाच्या नावाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव जोडले गेले आणि वृत्तपत्रांतून त्या सोहळ्याचे सविस्तर वर्णन आले. याच विद्यापीठाला, इतर सर्व विद्यापीठांसमवेत, जगातील सर्वांत धनाढ्य क्रिकेट मंडळात अप्रत्यक्ष का होईना पुन्हा एक मत मिळाले आहे, ही बाब कोणाच्या लक्षात आली असल्यास तशी खूण दिसत नाही.

हे मत कोणत्या उपयोगाचे, हा प्रश्न रास्त आहे. प्रक्षेपणातून येणाऱ्या उत्पन्नाचा मोठा वाटा सामने भरविणाऱ्या राज्य संघटनांकडे जातो. विद्यापीठांजवळ मत आहे. मैदाने आहेत, पण आंतरराष्ट्रीय सामने नाहीत. म्हणून अमेरिकेतील विद्यापीठ आपल्या खेळाचे मालक, तर भारतातील विद्यापीठ फार तर खेळाचे मतदार, असे म्हणता येईल. यात केवळ तोटाच आहे असे मात्र नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर तेथील मोठी विद्यापीठे आपल्या खेळाडूंना वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत वाटू शकतात. ज्या खेळांतून पैसा येत नाही ते खेळ बंद करण्याचा विचार त्यामुळे अनेक ठिकाणी सुरू झाला. आपल्याकडे ज्या क्रीडाशुल्कातून क्रिकेटचा चेंडू येतो त्यातूनच मैदानी खेळांसाठी गोळा आणि भालाही येतो.

खानदेशाच्या वाट्याला काय :

कबड्डीचा अनुभव याहून फारसा वेगळा नाही. २०१४ मध्ये आठ संघांची प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि क्रिकेटखालोखाल प्रेक्षक असलेला हा खेळ गावोगावच्या पडद्यावर आला. महाराष्ट्राच्या वाट्याला मुंबई आणि पुणे असे दोन संघ आले. खानदेशातील महाविद्यालयांत कबड्डीला पूर्वीपासून चांगले खेळाडू लाभत आले आहेत; पण लिलावाच्या यादीपर्यंतचा मार्ग विद्यापीठातून नव्हे, राज्य संघटना आणि लीगच्या निवड शिबिरांतून जातो.

जून २०२३ मध्ये महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली. तिच्या सहा संघांची नावे पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी आणि सोलापूर यांच्यावरून होती. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या नावाचा एकही संघ त्यात नव्हता. चाळीसगावच्या खेळाडूला घाटावरच्या संभाजीनगरकडून किंवा पश्चिमेच्या नाशिककडून खेळण्यास कोणाची आडकाठी नाही; पण संघाचे नाव हे संघमालकाच्या आणि प्रक्षेपकाच्या दृष्टीने बाजारपेठेचे नाव असते, आणि त्या यादीत खानदेश नव्हता. दुसरीकडे जळगावातील जैन उद्योगसमूहाने स्वतःची क्रीडा अकादमी उभारली असून त्याचा संघ मुंबईतील औद्योगिक संघांच्या टाइम्स शील्ड स्पर्धेत खेळतो. लोहमार्गाने ठरविलेली मुंबईची दिशा अशी कारखान्याच्या वाटेने परत आली, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

महाविद्यालयीन खेळाडूच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा कागद अद्याप प्रक्षेपणाचा करार नसून प्रमाणपत्र हाच आहे. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २००५ च्या निर्णयान्वये शासकीय सेवेत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवले. कोणत्या स्पर्धेचे, कोणत्या संघटनेच्या मान्यतेचे आणि कितव्या क्रमांकाचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते, यावर खेड्यातून आलेल्या मुलाची वा मुलीची पुढील तीस वर्षे ठरतात. म्हणूनच येथील कुजबुजही निराळी असते. अमुक संघटनेची मान्यता राहणार की जाणार, अमुक स्पर्धा यंदा ग्राह्य धरणार की नाही, याच्या वदंता जिमखान्याच्या पायरीवर जितक्या गांभीर्याने ऐकल्या जातात तितक्या लिलावाच्या बातम्या ऐकल्या जात नाहीत.

या इतिहासाची साधने वृत्तपत्रांत थोडी आणि महाविद्यालयांत अधिक आहेत. संघनिवडीच्या याद्या, प्रवासभत्त्याची देयके, गुणलेखकाच्या वह्या, वार्षिक अंकांतील जिमखाना विभागाचे अहवाल यांतून १९४५ ते १९९० या काळात खानदेशातून किती खेळाडू पुण्याच्या निवडचाचणीपर्यंत गेले आणि किती परतले, हे वर्षवार मांडता येईल. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या भेटीसाठी अनेक महाविद्यालयांनी आपली क्रीडाविषयक माहिती संकलित केली, पण ती बहुधा मागील पाच वर्षांपुरती. त्याआधीच्या वह्या कपाटाच्या तळाशी आहेत, आणि निर्लेखनाच्या यादीत जुनी फाटकी जाळी व मोडक्या बॅटींबरोबर त्यांचाही समावेश होत असतो.